मावशी आजारी पडेना

भाचीचं ते पत्र माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली किती दिवस पडून होतं, हे मी सांगणार नाही. ते आलं तेव्हा मी स्वेटर घालून बसलो होतो आणि त्याला उत्तर गेलं त्या दिवशी पंखा चालू होता, एवढं पुरे. मधल्या काळात टेबल पुसताना बायको ते पत्र उचलायची, खालची धूळ टिपायची आणि माझ्याकडे न बघता पुन्हा तिथंच ठेवायची. तिचं ते न बघणं मला फार लागायचं.

पत्र साधंच होतं. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दुसऱ्या गावात तिचं चित्रांना चौकटी करून देण्याचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोल्यांत ती, एक कुत्रा आणि एक मांजर असं तिचं कुटुंब राहतं. कुत्र्याचं नाव पैलवान. तो आकाराने नावाला शोभतो, स्वभावाने नाही. कुठे काच फुटली की तो टेबलाखाली शिरतो आणि बाहेर येताना टेबल घेऊन येतो. मागच्या वर्षी त्याने चौकटी चिकटवायचा सरस डब्याच्या झाकणासकट खाल्ला होता. त्याचं पोट उघडावं लागलं. भाचीने पट्ट्या कापायच्या नव्या यंत्रासाठी साठवलेले पैसे त्यात गेले, आणि ती अजून जुन्या करवतीने काम करत होती.

म्हणून तिने लिहिलं होतं, ‘मामा, कुत्र्यामांजरांचाही विमा असतो म्हणे. तो कसा चालतो हे मला नीट समजावून सांग. घेऊ का नको? तू म्हणशील तसं करीन.’ आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, ‘पैलवान येत्या उन्हाळ्यात आठ वर्षांचा होईल, तरी जिना उतरताना अजून माझ्याकडे बघतो.’

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचं उगाच चांगलं मत व्हायचं. तिच्या गावात ज्या एका कंपनीचा असा विमा मिळत होता, ती आठ वर्षं पूर्ण झालेल्या कुत्र्याला नव्याने घेत नव्हती. हा नियम मी स्वतः वाचला होता, त्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती. भाचीचं पत्र तर मला तोंडपाठ होतं. पण डोक्यात या दोन गोष्टींची गाठ कधी पडलीच नाही. दोघी एकाच घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारख्या राहिल्या.

फोन का केला नाही, असं कुणीही विचारील. फोनवर माझी दातखीळ बसते. समोरचा माणूस दिसत नाही, त्याला कंटाळा आलाय का हे कळत नाही, आणि मी वाक्य जुळवत असतानाच तो ‘हॅलो, हॅलो’ करू लागतो. भाचीला हे ठाऊक आहे म्हणून ती मला पत्र लिहिते. आणि माझ्यावर तिचा विश्वास आहे, कारण तिच्या दुकानाचा भाडेकरार मी वाचून दिला होता आणि त्यातलं एक असं कलम काढून दाखवलं होतं की ज्याच्यामुळे ती वर्षभरात रस्त्यावर आली असती. तेव्हापासून मामाला कागद कळतात, असं तिने मनाशी धरलं आहे. मला कागदावरच्या चुका कळतात. नोकरीची सगळी वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. पण चूक काढणं वेगळं आणि बरोबर काय ते सांगणं वेगळं.

तरी मी कामाला लागलो होतो. कंपनीचे कागद मागवले, वाचले, पुन्हा वाचले. मग उत्तर लिहायला घेतलं. ‘विमा घेतला की जनावराच्या आजारपणाचा खर्च कंपनी देते,’ असं पहिलं वाक्य लिहिलं. ते खोटं होतं. आजार विमा घेण्याच्या आधीपासूनचा असेल तर देत नाही. ते जोडलं. विमा घेतल्यावर पहिले काही आठवडे आजार झाला तरी देत नाही, अपघात झाला तर त्याची मुदत निराळी. तेही जोडलं. प्रत्येक वेळच्या खर्चातला सुरुवातीचा ठरावीक भाग आपला आपण सोसायचा, उरलेल्यातलाही थोडा हिस्सा आपला, आणि वर्षाकाठी एका मर्यादेपुढे काहीच नाही. लसी नाहीत, दात साफ करणं नाही. पहिलं वाक्य पानाच्या खालपर्यंत गेलं आणि तरी पूर्णविराम येईना. मी तो कागद बाजूला ठेवला, आणि मग तसे बरेच कागद बाजूला ठेवले.

शेवटी मला वाटलं, जे आपण स्वतः करून पाहिलेलं नाही त्याबद्दल दुसऱ्याला सल्ला देणारे आपण कोण? आधी एक विमा घ्यावा, एकदा खर्चाचे पैसे मागून बघावे, मिळतात का ते पाहावं आणि मग लिहावं. हा विचार सुचला त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. असे दिवस थोडे येतात.

आमच्याकडे एक मांजर आहे. तिचं नाव मावशी. बायकोने ठेवलं, कारण ती आली तीच न विचारता आली, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि घरात कुणाचं काय चुकतं ते बघत बसली. विम्याचा फोन अर्थातच बायकोने केला. मी शेजारी उभा राहून तिला कागदावर उत्तरं लिहून दाखवत होतो. पलीकडच्या तरुणाने विचारलं की नाव काय, बायकोने सांगितलं मावशी. वय? चार. मग त्याने फार अदबीने विचारलं, की मावशी नेमक्या कुणाच्या? बायको म्हणाली, तशा सगळ्या गल्लीच्याच. कसंबसं ते निस्तरलं आणि मावशीचा विमा झाला.

मुदतीचे पहिले आठवडे संपायच्या आतच मावशी शिंकू लागली. दोन दिवस शिंकली आणि थांबली. मी कागद काढून पाहिले. मुदतीच्या आत झालेला आजार म्हणजे खर्च आपला, आणि पुढे तीच तक्रार उलटली तर तीही जुनी धरणार. मी हे बायकोला समजावून सांगत होतो. ती म्हणाली, शिंक आली तर रुमाल द्यावा, नियम वाचून दाखवू नये.

मुदत संपली आणि त्या दिवसापासून मावशी अशी ठणठणीत झाली की काय सांगू. तिचे केस चमकू लागले. ती कपाटावरून उडी मारून दारावर जाऊ लागली. मी डोळ्यात तेल घालून तिच्यावर नजर ठेवून होतो. ती जेवली का, लंगडते का, डोळ्यांना पाणी येतं का. तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं, पण काहीतरी अगदी किरकोळ, तिला न दुखणारं, पण कंपनीला चालणारं असं काही झालं असतं तर मला पत्र लिहिता आलं असतं. सकाळी उठल्यावर मी आधी तिच्याकडे बघायचो. ती माझ्याकडे बघायची आणि जांभई द्यायची. दात अगदी निरोगी.

बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, की यांनी माझ्या बाळंतपणात एवढ्या काळजीने वाट पाहिली नव्हती.

हिवाळा गेला. पत्र दिव्याखालीच.

शेवटी मदत मिळाली ती मागच्या गल्लीतल्या बोक्याची. एका दुपारी मावशी खिडकीतून आत आली ती एक कान खाली पाडून. दुसऱ्या दिवशी तो कान सुजला, तिसऱ्या दिवशी लिंबाएवढा झाला. तिला पिशवीत घालताना मी जरा जास्तच घाई करत होतो, आणि ती फक्त काळजीची घाई होती असं म्हणायला मला आवडेल. बायकोने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, “मांजर फाटून आलंय आणि तुम्ही हसताय. दवाखान्यात तरी तोंड सरळ ठेवा.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत. त्यांनी कान तपासला, बोक्याचा दात लागून आत पू झालाय, चिरून काढावा लागेल, असं सांगितलं. मग लिहिता लिहिता सहज विचारलं, या कानाला आधी कधी काही झालं होतं का. कुणीही शहाणा माणूस नाही म्हणाला असता आणि ते खरंही ठरलं असतं. पण मी आयुष्यभर मुद्रितं तपासलेला माणूस. मला आठवलं की ती नवीन आली तेव्हा कान खाजवायची. कोणता कान ते आठवेना, म्हणून मी दोन्ही सांगितले. मग वाटलं, एका पावसाळ्यात डोकं हलवत होती तेही सांगावं. शिंकाही सांगितल्या. बाई लिहीत गेल्या. मावशीचा एवढा सविस्तर इतिहास आजवर कुणी कुणाला सांगितला नसेल.

बिल मी भरलं. या विम्यात आधी आपण भरायचं आणि मग कंपनीकडे मागायचं असतं. मी अर्ज कसा भरला हे सांगत नाही, त्यावर मी जीव ओतला होता. थोड्या दिवसांनी उत्तर आलं की कानाची तक्रार विमा घेण्यापूर्वीची असल्याचं डॉक्टरांच्या टिपणावरून दिसतं, सबब पैसे देता येत नाहीत.

मी ते घेऊन टेबलाशी बसून राहिलो. मला पैशाचं वाईट वाटलं नाही. वाटलं ते असं, की भाचीला आता काय लिहू? घेऊ नकोस म्हणून लिहू? पण चूक कंपनीची नव्हती, माझ्या तोंडाची होती. एरवी ज्या तोंडातून शब्द फुटत नाही ते नेमकं तिथे सुटलं.

बायकोने कागद हातातून घेतला, मावशीला पिशवीत घातलं आणि एकटीच दवाखान्यात गेली. परत आली तेव्हा हसत होती. डॉक्टरीणबाईंनी जुनं टिपण काढून पाहिलं होतं. तेव्हा पिसवा झाल्या होत्या, एका औषधात गेल्या, आणि पिसवांचा बोक्याशी काडीचा संबंध नव्हता. तसं त्यांनी दोन ओळींत लिहून दिलं. शिवाय माझ्यासाठी निरोप दिला, की आजोबांना सांगा, प्राण्याचं खरं सगळं सांगावं, पण कधीचं काय ते वेगवेगळं सांगावं, एकात एक कालवू नये.

ते पत्र कंपनीला गेलं आणि पैसे आले. आपला सुरुवातीचा भाग वजा, आपला हिस्सा वजा, बाकीचे आले. मी आकडेमोड करून पाहिली, जुळली. मावशीचा कान थोडा चुरगळलेला राहिला आहे, त्याने ती जास्तच करारी दिसते. माझ्या जिवात जीव आला. आता मला सगळं माहीत होतं. मी नवा कागद घेतला आणि एकदाचं, शेवटचं, पक्कं उत्तर लिहायला बसलो. त्याला प्रकरणं पाडावीत असं माझ्या मनात होतं.

मी पहिल्या प्रकरणावर असताना बायको पंख्याची धूळ काढायला स्टुलावर चढली. वरूनच तिने विचारलं, “अहो, पण पैलवानाला घेतील ना? काय वय त्याचं आता?”

मी दिव्याखालचं पत्र काढलं. मग पेन्सिलीची रेघ असलेला कागद काढला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. आठ वर्षांपूर्वी पैलवान ज्या दिवशी जन्मला तो दिवस आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण तो आमच्याच जिन्याखाली जन्मला होता आणि भाची त्याला टोपीत घालून घेऊन गेली होती. त्याचा आठवा वाढदिवस परवावर आला होता. शनिवारी. आणि आज गुरुवार होता.

मी नुसती दोन्ही कागदांकडे बोटं केली. बायको स्टुलावरून उतरली, वाचलं, आणि थेट फोनकडे गेली.

भाची दुकानातच होती. बायकोने तिला सांगितलं की विमा घे, आणि उद्याच घे, शनिवारी उशीर होईल. पलीकडून भाची काहीतरी बोलत राहिली आणि बायकोच्या कपाळावर आठी आली. मग तिने फोन कानापासून दूर धरला, मलाही ऐकू यावं म्हणून.

“मामी, तू तर सगळ्यालाच हो म्हणतेस,” भाची म्हणत होती. “मामाला मी थंडीतच विचारलं होतं. तो गप्प राहिला. मामा गप्प राहिला म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून मी विषय सोडला. आता विम्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून यंत्राचा पहिला हप्ता भरायचं चाललंय.”

मी तिथं उभा होतो आणि मला वाटत होतं की मी गेले काही महिने तिला उत्तर दिलेलं नाही. तिला तर ते केव्हाच मिळालं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो, तेच तिने उत्तर म्हणून वाचलं, आणि त्यावर विश्वास ठेवून वागली. भिंतीवरून उडी मारू का, शाळा बदलू का, त्या मुलाशी लग्न करू का, हे तिने मला वेळोवेळी विचारलं होतं आणि मी विचार करत राहिलो होतो. किती ठिकाणी तिने माझ्या विचार करण्याला नकार समजून पाऊल मागे घेतलं असेल, कुणास ठाऊक. लग्नाच्या बाबतीत ते बरं झालं, पण ते माझं कर्तृत्व नव्हे.

बायकोने फोन माझ्या हातात दिला.

मी कानाला लावला. भाची म्हणाली, “मामा, आहेस ना?” मी होतो. माझ्या मनात नियमांची सगळी प्रकरणं एकदम उभी राहिली आणि एकही पुढे येईना. पलीकडे कुठेतरी पैलवान श्वास घेत होता, तो मला स्पष्ट ऐकू येत होता. “बघ,” भाची म्हणाली, रागावून नव्हे, समजूत काढावी तसं, “पुन्हा गप्प. असू दे रे मामा.”

“मी लिहितो,” मी म्हणालो. “आज.”

भाची म्हणाली, की लिही. उद्या सकाळच्या टपालाने आलं तर दुपारी ती पैलवानाला घेऊन कंपनीच्या कचेरीत जाईल. नाही आलं तर नाही. आणि हसून म्हणाली, की पुस्तक पाठवू नकोस.

दुपारचं टपाल कोपऱ्यावरच्या पेटीतून बाराला उचलतात. घड्याळ बायकोने माझ्यासमोर आणून ठेवलं आणि प्रकरणं पाडलेले कागद उचलून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. मला एकच कोरा कागद दिला. कच्चं लिहायचं नाही, असं बजावलं. मी लिहिलं ते असं:

‘घे. पैलवानासाठी हे पत्र मिळेल त्याच दिवशी, शुक्रवारीच घे. शनिवारपासून ते त्याला घेणार नाहीत. मांजर लहान आहे, तिचं सावकाश बघ.

विमा म्हणजे पैलवान आजारी पडणार नाही असं नव्हे, आणि पडला की सगळे पैसे मिळतील असंही नव्हे. आधी दवाखान्यात तूच भरायचेस, म्हणून थोडे पैसे हाताशी असू देत. मग कंपनी त्यातला तुझा वाटा कापून बाकीचे देईल. सरस खाल्ल्याचं अर्जात लिही, लपवू नकोस. त्या जखमेतून पुढे काही निघालं तर ते देणार नाहीत, पण पाय मोडला, दुसरा काही रोग झाला, तर देतील. पहिले काही आठवडे त्याला सांभाळ, तेव्हा आजार झाला तर पैसे मिळत नाहीत. दरवर्षी हप्ता वाढेल, त्याचं वय वाढतंय म्हणून. दवाखान्यात बोलताना कधीचं काय ते वेगवेगळं सांग. हे मी मावशीच्या कानावरून शिकलो, मामी सांगेल.

कदाचित पैलवानाला पुढे काहीच होणार नाही आणि तुझे हप्त्याचे सगळे पैसे जातील. मला विचारशील तर ते तसेच जावेत. पण मागच्या वर्षी तू डॉक्टरांना ‘किती पैसे लागतील’ हे आधी विचारलंस आणि ‘वाचेल का’ हे नंतर, आणि त्याचं तुला अजून वाईट वाटतं, असं तुझी आई म्हणाली होती. विमा घेतलास तर पुढच्या खेपेला प्रश्न उलटे विचारता येतील. मला कळलेला विमा एवढाच.

यंत्राचा हप्ता थांबेल, ते मला कळतं. ते बरोबर की चूक, याची मला खात्री नाही. तरी घे म्हणतो.

मी गप्प असतो तेव्हा नाही म्हणत नसतो. मला माहीत नसतं, एवढंच. हे तुला फार पूर्वी सांगायला हवं होतं.’

सही केली, पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. बायकोने पत्ता वाचून पाहिला. मी चपला घालून निघालो तेव्हा मावशी दारात आडवी बसली होती. तिला ओलांडून गेलो.

कोपऱ्यावर टपाल उचलणारा माणूस आधीच आला होता. पेटीचं खालचं दार उघडून तो पत्रं पोत्यात ओढत होता. मी पाकीट पेटीच्या फटीशी नेलं आणि हात थांबला. ‘दुसरा काही रोग झाला, तर देतील’ असं मी लिहिलं होतं. सगळेच रोग? जन्मजात असले तर? ते कलम मी घातलंच नव्हतं. आणि दातांचं राहिलं होतं. पाकीट उघडून, बाजूला बारीक अक्षरात एक ओळ…

टपालवाला खाली वाकलेलाच होता. माझ्या चपलांकडे बघत त्याने विचारलं, की काका, टाकताय का परत नेताय?

मी त्याला विचारलं, उद्या सकाळी पोचेल का. तो म्हणाला, आत्ता टाकलंत तर पोचेल.

मागे वळून पाहिलं तर आमच्या खिडकीत बायको उभी होती, आणि तिच्या शेजारी चुरगळलेल्या कानाची मावशी. दोघी माझ्याकडे बघत होत्या. दातांचं राहिलं तर राहिलं. मी पाकीट सोडलं, ते फटीतून थेट त्याच्या पोत्यात जाऊन पडलं, आणि त्याने पोत्याचं तोंड बांधलं.